भिंत पडणार म्हणजे पडणारच

सकाळी मासळीवेशीतून कामाला निघालो होतो, तेव्हा शहराच्या कोटातून एक दगड सुटला आणि माझ्या पायापुढे हातभर अंतरावर येऊन पडला. दगड फार मोठा नव्हता. चांगल्या वर्षातल्या डाळिंबाएवढा. माणसाने हात वर केला तर पोचेल एवढ्या उंचीवरून तो निघाला, दोनदा उडाला, एकदा गरगरला आणि खारवलेल्या मासळीच्या एका टोपलीला टेकून दमल्यासारखा थांबला. यरुशलेमच्या कोटातून दगड पडणं ही काही जगबुडी नव्हे. पाखरं घरटी करतात, हिवाळ्यात पाणी शिरतं, बकऱ्या अंग घासतात. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर लोकांनी आधी वर पाहिलं असतं आणि मग त्याला 'वाचलास बाबा' म्हटलं असतं. पण अख्खा बाजार वर न पाहता एकजात माझ्याकडे पाहू लागला. मासळीवाली दीबा मला पन्नास वर्षं ओळखते. तिने टोपली दगडापासून जरा बाजूला सरकवली. "तिप्पोल, काय केलंस रे?" "काही नाही. चालत होतो." "तेच म्हणते मी," ती म्हणाली, "जरा पलीकडून चालत जा." लोक हसले, पण बेताने. कोटावर नजर ठेवून हसतात तसं. मीही हसलो आणि पुढे निघालो. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की दगड जमिनीवर आपटला त्या क्षणी, डोळ्याचं पातं लवावं तेवढ्या वेळापुरता, मला आनंद झाला होता. चांगला, स्वच्छ, पोटातून आलेला आनंद. ज्या शहरात माझं घर आहे, माझी बायको भाकरी थापते आहे आणि आठ दिवसांपूर्वी मला नातू झाला आहे, त्या शहराचा कोट ढासळायला लागला म्हणून.

माझं पूर्ण नाव नाफोल-तिप्पोल-हाहोमा. अर्थ सरळ आहे: भिंत पडणार म्हणजे पडणारच. असं नाव मी स्वतः होऊन घेतलेलं नाही. माझे वडील अमर्या हे संदेष्टे होते, आणि संदेष्ट्याच्या घरात मूल जन्माला आलं की ते आधी निरोप असतं आणि मग मूल. मी जन्मलो त्या आठवड्यात तेव्हाच्या तरुण राजाने कोटाचा उत्तरेकडचा नवा भाग पुरा केला होता. तुताऱ्या वाजत होत्या, बैल कापले होते, आणि त्या गर्दीत माझे वडील मला फडक्यात गुंडाळून घेऊन शिरले. मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून त्यांनी राजाला ऐकू जाईल अशा आवाजात माझं नाव सांगितलं. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मी त्यांच्या डोक्यावर ओकलो, असं आई सांगायची, आणि तिच्या सांगण्यात त्या दिवसाचा तेवढाच भाग समाधानाचा असायचा. "नऊ महिने मी वाहिला," ती म्हणायची, "आणि नाव दिलं भिंतीला." राजाने वडिलांना फटके मारले असते, विहिरीत टाकलं असतं, निदान दाढी तरी उपटली असती तर आमच्या घराण्याची पुढची सगळी गोष्ट वेगळी झाली असती. पण राजा म्हणाला, "माणूस उपाशी दिसतोय, त्याला काहीतरी खायला द्या." संध्याकाळी राजवाड्यातून मनुकांच्या वड्यांची एक टोपली आमच्या घरी आली. वडिलांनी तिला हात लावला नाही. आईने ती आठ दिवसांत संपवली आणि म्हणून तुझी तब्येत अशी दणकट, असं मला शेवटपर्यंत ऐकवलं. दुसऱ्या दिवशी राजाची दोन माणसं दोरी आणि ओळंबा घेऊन कोटाच्या पायाशी गुपचूप मापं घेताना दिसली म्हणतात. ते खरं की खोटं मला ठाऊक नाही. भिंत मात्र पडली नाही.

भिंत पडली नाही हे वाक्य मी आता सहज लिहिलं, पण आमच्या घरात ते अठ्ठावन्न वर्षं रोज नव्याने घडत आलं आहे. वडिलांनी मुदत घातली नव्हती. 'चाळीस दिवसांत' असं काही म्हटलं असतं तर एकेचाळिसाव्या दिवशी निकाल लागून आम्ही मोकळे झालो असतो. पण मुदत दिली नव्हती ती परमेश्वराने, आणि वडील पदरचा शब्द घालणाऱ्यांतले नव्हते. माझ्यानंतर बहीण झाली तिचं नाव एन-अनावीम, म्हणजे द्राक्षं नाहीत. त्या वर्षी द्राक्षं इतकी आली की घाणे कमी पडले आणि लोकांनी आंघोळीच्या घंगाळांत रस धरला. आज ती तीन मळ्यांची मालकीण आहे, जाडजूड आहे, आणि दारू चढली की स्वतःचं नाव सांगून पाहुण्यांना हसवते. माझ्या नावाची तशी गंमत होत नाही. द्राक्षांचं वर्ष जातं, कोट रोज सकाळी जागच्या जागी असतो. मला गवंडी व्हायचं होतं. हात चांगला होता, ओळंब्याशिवाय सरळ रेघ दिसायची. पण भिंत पडणार म्हणजे पडणारच या माणसाला भिंत बांधायला कोण बोलावणार? मग मी जमिनीखाली गेलो. घरोघरच्या अंगणांत पावसाच्या पाण्याची टाकी खोदलेली असतात, त्यांना आतून गिलावा करतो. चुना, राख, कुटलेली खापरं, आणि अंगठ्याने शेवटचा हात. टाक्याला भिंत असते, पण तिच्यामागे सगळा डोंगर असल्यामुळे ती पडायची म्हटली तरी तिला जागा नाही. लोकांना ते पटतं.

आजचं टाकं एका कुंभाराच्या विधवेच्या अंगणातलं. खाली उतरलो, दिवा कोनाड्यात ठेवला आणि काल मळलेला चुना चाचपून पाहिला. बरोबर आज, दुपारच्या आत, मला एक निर्णय घ्यायचा होता, आणि दुपारच्या आत चुनाही लावून संपवायचा होता. चुना थांबत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. निर्णय पुष्कळ थांबतो. तीन दिवसांपूर्वी व्याही घरी आले होते. माझी लेक होग्ला त्यांच्या अज्जूरला दिली आहे. हशूम त्यांचं नाव, माणूस वाईट नाही, दाढीला तेल जरा जास्त लावतात. आणि परमेश्वराला थट्टा करायची हौस आहे याचा पुरावा कुणाला हवा असेल तर हशूम हे राजाच्या कोटाचे मुकादम आहेत. दुरुस्ती, रंगरंगोटी, पहारेकऱ्यांच्या शिड्या, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी माझ्या दारात बसून पाय धुऊन घेतले, अंजीर खाल्लं, हवेची चौकशी केली आणि मग म्हणाले, "व्याहीबुवा, आठव्या दिवशी पोराची सुंता. रीतीप्रमाणे पोर पहिल्यांदा आईच्या बापाच्या मांडीवर ठेवायचं." "रीत आहे खरी," मी म्हणालो. "आणि ठेवताना त्या माणसाचं पूर्ण नाव मोठ्याने घ्यायचं." "तीही रीत आहे." हशूमनी अंजिराचा देठ बोटांत फिरवला. "राजवाड्याची माणसं येणार आहेत हो. माझ्या घरात, माझ्या तोंडाने, राजाच्या माणसांसमोर मी काय म्हणू? की भिंत पडणार म्हणजे पडणारच याच्या मांडीवर माझा नातू?" मी म्हणालो, "हळू म्हणा." त्यांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. म्हणणं साधं होतं. वेशीत वडीलधारी मंडळी बसतात. तिथे जायचं, पायातली एक वहाण काढून त्यांच्या हातात द्यायची आणि सांगायचं, माझ्या बापाचा शब्द पोकळ होता, त्याने दिलेलं नाव मी टाकलं. मंडळी दुसरं नाव देतील. मग पोर मांडीवर. नाहीतर अज्जूरचा काका आहे, त्याची मांडी आहे, त्याचं नाव चांगलं आहे. "तुमच्यावर राग नाही," जाताना ते म्हणाले. "माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?" "मी तुमच्या जागी असतो तर माझं नाव वेगळं असतं," मी म्हणालो.

टाक्याच्या तळाशी बसलं की वर आभाळाचा भाकरीएवढा तुकडा दिसतो. तिथून जगातल्या बऱ्याच गोष्टींचा योग्य आकार कळतो. मी चुना लावत होतो आणि सकाळच्या त्या आनंदाकडे, चपलेत खडा गेल्यावर बघतो तसा, बघत होतो. तो नक्की कशाचा होता? वडील सुटले, याचा? त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. शेवटची वर्षं ते मासळीवेशीबाहेरच्या अंजिराखाली बसून असायचे, भिंतीकडे तोंड करून, कुणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसासारखे. येणारे जाणारे विचारायचे, "काय अमर्याबाबा, उभी आहे का?" ते उत्तर द्यायचे नाहीत. फक्त एकदा, एक फार गोड बोलणारा पुरोहित हसून विचारायला लागला तेव्हा म्हणाले, "परमेश्वर मला ओरडायला लावतो आणि मग स्वतः विरघळतो. तू त्याची चाकरी करून बघ." डोळे गेल्यावर ते मलाच विचारायचे. मी रोज सांगायचो, "उभी आहे, बाबा." मग ते मान हलवायचे. ती मान मला कधी कळली नाही. नाराजीची वाटायची. आणि त्या मानेखाली माझ्याकडे एक गोष्ट होती, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. आईलाही नाही, बायकोलाही नाही. मी नऊ वर्षांचा असताना एका संध्याकाळी वडिलांना जेवायला बोलवायला गेलो होतो. दिवेलागणीची वेळ, वेशीत कुणी नव्हतं. वडील भिंतीला अगदी चिकटून उभे होते, हातात लहानसा दगडी हातोडा, आणि ते भिंतीच्या सांध्यात कानाने ऐकत ऐकत ठोकत होते. टक, टक. थांबायचे, बोटाने चाचपायचे. टक. मी हाक मारली तेव्हा ते इतके दचकले की हातोडा पायावर पडला. माझे संदेष्टे वडील, ज्यांना राजा घाबरवू शकला नव्हता, ते नऊ वर्षांच्या मला घाबरले. "घरी सांगू नकोस," म्हणाले. मी सांगितलं नाही. नंतरही दोनतीनदा तोच टक टक आवाज मी लांबून ऐकला आणि तसाच परत फिरलो.

नऊ वर्षांच्या पोराला काय कळणार असं लोक म्हणतात, पण मला सगळं कळलं होतं. बाप भिंत पोखरतो आहे. परमेश्वर हयगय करतो म्हणून हा त्याला हातभार लावतो आहे. त्या दिवसापासून मी माझं नाव एका वेगळ्याच भीतीने वाहत आलो. नाव खोटं ठरलं तर बाप खोटा, आणि खरं ठरलं तर बाप लबाड. आणि आज सकाळी, अंजिराच्या झाडाला लागून असलेल्या त्याच भागातून, हात पोचेल त्याच उंचीवरून, दगड निसटला. म्हणजे एकोणपन्नास वर्षांपूर्वीची ती टकटक आता फळाला आली. हे मनात आलं तेव्हा मी अंगठ्याने चुन्याला इतका जोर दिला की नखाखाली रक्त आलं. मग मात्र मला हलकं वाटलं. निर्णय झाला होता. लबाडीतून आलेलं नाव टाकून देण्यात कसली बेइमानी? वेशीत जाईन, वहाण काढीन, म्हणेन पोकळ होता. हातोड्याचं सांगणार नाही, तेवढं मुलाने बापासाठी करावं. आणि नातू मांडीवर घेईन. त्याला मी अजून पाहिलेलं नव्हतं. होग्लाची दाई सांगत होती की त्याचे कान माझे आहेत. माझे कान कुणाला मिळावेत असे नाहीत, पण ते त्या क्षणी, त्या अंधारात, मला जगातली सगळ्यात हवीहवीशी वस्तू वाटले.

"अहो!" वरचा आभाळाचा तुकडा झाकला गेला. माझी बायको सिब्या. "किती वेळ तो? माणसं वेशीत जमली. व्याही तर तिथेच उभे आहेत, तोंड दह्याच्या गाडग्यासारखं करून. आणि तो दगड! दीबा गावभर सांगत सुटलीय की तुम्ही नुसतं बघितलंत आणि दगड पडला." "मी बघितलं नव्हतं. मी चालत होतो." "तेच तिचं म्हणणं आहे." मी शिडीने वर आलो. तिने माझ्या दाढीतला चुना ओल्या फडक्याने पुसायला सुरुवात केली, जोरात, भांडं घासावं तशी. मी म्हणालो, "सिब्या, दगड पडला तेव्हा मला आनंद झाला." तिचा हात थांबला. मग परत सुरू झाला. "मला सांगितलंत ते ठीक. व्याह्यांना सांगू नका." "नाव टाकतोय मी." "टाका," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं ते नाव मी अंगणातून ओरडते आहे. पहिल्या वर्षी लाज वाटायची. शेजारीपाजारी कोटाकडे बघायचे. मग सवय झाली. आता नवीन नाव देतील ते काहीतरी गुळगुळीत असेल. मी तुम्हाला हाक काय मारू?" "काहीही मार. मी येईन." "ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि दाढी इतकी ओढली की डोळ्यांत पाणी आलं. दोघांच्याही.

वेशीत दगडी बाकांवर दहा वडीलधारी माणसं बसली होती. मधोमध रफायाबाबा, नव्वदीचे, जन्माचे गवंडी, एका डोळ्याने आंधळे आणि दुसऱ्याने जास्तच बघणारे. सगळा मासळीबाजार दुकानं टाकून गोळा झाला होता. मी पुढे झालो, खाली वाकलो आणि वहाणेचा पट्टा सोडायला लागलो. तो सुटेना. चाळीस वर्षांच्या चुन्याने त्याचा दगड झाला होता. मी ओढत होतो, लोक वाट बघत होते, आणि एवढ्या वेळात रिकामं बसवेना म्हणून रफायाबाबा हशूमकडे वळले. "त्याचं होईपर्यंत तू सांग रे. सकाळचा दगड का पडला?" हशूमनी दाढीवरून हात फिरवला. "काही विशेष नाही, बाबा. जुनी भिंत." "जुनी भिंत मी बांधली आहे. माझे दगड बसतात, पडत नाहीत. तू काय केलंस?" "मी? साफसफाई केली. मांडवांच्या सणाला राजाची स्वारी या वेशीतून येणार, म्हणून अंजिरापासून वेशीपर्यंतचा भाग नीट करून घेतला. कुणा शहाण्याने सगळ्या सांध्यांतून काळ्या चकमकीच्या चिपा ठोकून ठेवल्या होत्या. पांढऱ्या भिंतीत काळे दात. शोभा जाते. काढून टाकायला लावल्या." "आणि तिथे काय भरलंस?" "चुना." "नुसता चुना?" मी खाली वाकलेलाच होतो, पण माझा हात पट्ट्यावर थांबला. नुसता चुना दगड धरत नाही. चुना फक्त पाणी धरतो. हे मला नाही ठाऊक तर कुणाला?

"कुणी ठोकल्या होत्या त्या?" रफायाबाबा म्हणाले. "मी नाही. माझ्या माणसांनी नाही. इथे पाया खचला होता, हे मला पुढे वीस वर्षांनी कळलं, आणि तेव्हा बघतो तर भिंत जागची हललेली नाही. मी म्हटलं, परमेश्वराची कृपा." "कुणास ठाऊक कुणी," हशूम म्हणाले. "माझ्या आधीच्या मुकादमालाही माहीत नव्हतं. चिपा जुन्या, पन्नासेक वर्षांच्या. इथल्या दगडाच्या नव्हेत, किद्रोनच्या ओढ्यातून एकेक वेचून आणलेल्या. आणि बसवल्या होत्या अशा की एकेक काढायला माझ्या माणसाचा अर्धा दिवस गेला. वर हात पोचेल तिथपर्यंतच होत्या. जो कोणी होता तो शिडी वापरत नव्हता. पण हात काय होता हो त्याचा! प्रत्येक चीप बरोबर जिथे दगड..." आणि इथे हशूम, जे मूर्ख नाहीत, बोलता बोलता थांबले. अंजिराकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी जमिनीवर बसलो होतो, एक वहाण अर्धी पायात. आधी मला वाटलं की मला रडू येतंय, म्हणून मी तोंडावर हात घेतला, पण आतून बाहेर आलं ते हसू होतं. मी हसलो. वेशीत, दहा वडीलधाऱ्यांसमोर, गांभीर्याचा प्रसंग असताना, पोट धरून हसलो. टक टक. कानाने ऐकत. बोटाने चाचपत. पोखरणारा माणूस कान लावून ऐकत नाही, दगड कुठे हलतो ते बसवणारा ऐकतो! मी चाळीस वर्षं गिलावा करतो आहे, कुणी हातोडा कसा धरला आहे यावरून तो पाडतोय की बसवतोय हे मला लांबून कळतं, आणि स्वतःच्या बापाच्या बाबतीत मी नऊ वर्षांचाच राहिलो होतो. दिवसा तो माणूस परमेश्वराच्या वतीने शहरावर ओरडायचा आणि संध्याकाळी शहराच्या वतीने परमेश्वराला थोपवायचा, आणि दोन्ही कामं करताना आपल्याला कुणी पाहू नये असं त्याला फक्त दुसऱ्या कामाच्या बाबतीत वाटायचं. 'उभी आहे, बाबा,' असं मी सांगितल्यावर हलणारी ती मान. अरे देवा! ती नाराजीची नव्हती. संध्याकाळी काम बघायला आलेल्या गवंड्याची मान होती ती. मला आता सकाळच्या आनंदाचंही काही वाटेना. चुकीच्या गोष्टीसाठी झालेला तो आनंद बरोबर माणसाकडे चालला होता, एवढंच.

"झालं का हसून?" रफायाबाबांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं. संध्याकाळ, हातोडा, 'घरी सांगू नकोस'. सगळं. दीबाने पदर तोंडाला लावला. मग एक म्हातारा म्हणाला, "पण मग शब्द खरा की पोकळ? स्वतःच सांगायचं पडणार आणि स्वतःच टेकू द्यायचा, हे कशात बसतं?" दुसरा म्हणाला, "मुदत नव्हती. मुदत नसलेला शब्द पोकळ कसा ठरवणार?" तिसऱ्याचं म्हणणं पडलं की ज्या दिवशी सकाळी दगड पडला त्या दिवशी तरी हा विषय घेऊ नये. चौथ्याला जेवायला जायचं होतं. रफायाबाबांनी काठी आपटली. "शब्द उभा आहे. भिंत उभी आहे. दोघांची एवढी वर्षं एकमेकांशी तक्रार नाही, तर आपण लावालावी का करायची? तिप्पोल, वहाण घाल. हशूम, तू त्या चिपा कुठे टाकल्यास?" "कचरावेशीबाहेर." "वेच." हशूमचं तेल लावलेलं तोंड उतरलं होतं, आणि माझ्या मनात आलं की या माणसाच्या हातून आज संध्याकाळपर्यंत राजाचा कोट खाली बसला असता, आणि तो बसला नाही याचं श्रेय कुणाला द्यायचं हे त्याला कळत नाहीये. मलाही कळत नव्हतं. परमेश्वराने राखलं म्हणावं, तर हातोडा बापाचा. बापाने राखलं म्हणावं, तर पडण्याची ताकीद परमेश्वराची. मी पट्टा परत आवळला. तो लगेच बसला. "चला," हशूमला म्हणालो, "संध्याकाळी मीही येतो. मला सांधे ऐकता येतात."

मग दुपारी हशूमच्या अंगणात, राजवाड्याच्या तीन माणसांसमोर, तेलात तळलेल्या पुऱ्यांचा आणि भाजलेल्या कोकराचा वास दरवळत असताना, माझे व्याही ताठ उभे राहिले. नुकतंच रडून गप्प झालेलं गाठोडं त्यांच्या हातात होतं. त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं हळू म्हणतील. त्यांनी असं म्हटलं की पलीकडच्या गल्लीतल्या कोंबड्या उठल्या. "अमर्या संदेष्ट्याचा मुलगा, नाफोल-तिप्पोल-हाहोमा, याच्या मांडीवर!" राजवाड्यातल्या माणसांपैकी एकाचा घास घशात अडकला, दुसऱ्याने त्याच्या पाठीत थापट्या मारल्या, आणि सवयीने तिघांनीही मान वळवून कोटाकडे पाहिलं. हशूम अभिमानाने म्हणाले, "बघा, बघा. बघत जा अधूनमधून." आणि माझ्या मांडीवर ते वजन आलं. ताज्या भाकरीएवढं. तेवढंच ऊनही. कान खरोखरच माझे होते, बिचारा. पडद्याआडून होग्ला हसत होती, सिब्या तिला गप्प करत होती आणि स्वतः हसत होती.

आता रीत अशी की मांडीवर घेणाऱ्याने दोन शब्द बोलावे. एरवी लोक 'पुष्कळ जग, मेंढरं वाढव' असलं काही म्हणतात आणि जेवायला बसतात. पण इथे सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. संदेष्ट्याचं रक्त, सकाळचा दगड, वेशीतला निकाल. राजवाड्याच्या माणसाने तर लिहून घ्यायला खापराचा तुकडा काढला. हशूम माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, "व्याहीबुवा, पाया पडतो, हळू सांभाळून बोला." मी डोळे मिटले. खरंच प्रयत्न केला. वरून काही येतंय का म्हणून मन अगदी रिकामं केलं, टाकं पावसाआधी स्वच्छ करतात तसं. काही आलं नाही. वडिलांना काय ऐकू यायचं ते त्यांनाच ठाऊक. मला फक्त मांडीवरची एक चुळबुळ कळली, आणि माझ्या कोपराशी काहीतरी ओठांनी शोधणं. मी डोळे उघडले आणि जे दिसलं ते सांगितलं.

"याला भूक लागली आहे. हा आता रडणार म्हणजे रडणारच."

आणि तो रडला. काय रडला! राजवाड्याच्या माणसाने ते लिहून घेतलं. आमच्या घराण्यातलं हे पहिलंच भविष्य, जे सांगणाऱ्याच्या डोळ्यांदेखत खरं ठरलं.